तळघरातलं मशीन रिकामं आहे का?

इमारतीत माणसं ढीगभर आणि कपडे धुण्याचं मशीन एकच, तेही तळघरात. सिस्टरचं घर अगदी वरच्या मजल्यावर. रुग्णालयात दिवसभर उभं राहून तिचा गुडघा आधीच कुरकुरायचा, आणि लिफ्ट नावाची वस्तू त्या इमारतीने पाहिली नव्हती. टोपली कमरेवर घेऊन खाली उतरावं, तर मशीन दुसऱ्याच कुणाचे तरी पडदे घुसळत बसलेलं. मग तीच टोपली घेऊन पुन्हा वर. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. "अगं, जरा लवकर जात जा ना," एवढं बोलून तो कूस बदलायचा.

शेवटी एका सुट्टीला तीच कामाला लागली. वॉर्डातल्या ड्युट्या लावायच्या कटकटीपायी ती मागे थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकली होती. काचेला तडा गेलेला एक जुना फोन तिने चिकटपट्टीने मशीनच्या पाठीला लावला. मशीन थरथरलं की फोनला कळायचं, आणि तिच्या हातातल्या फोनवर एक शब्द उमटायचा: 'चालू'. थरथर थांबली की 'रिकामं'. रंग नाही, चित्र नाही, नाव नाही. तिला एवढंच हवं होतं, एवढंच तिने केलं.

खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईने जिन्यात विचारलं, "मलाही बघता येईल का हो ते?" सिस्टरने तिलाही दिलं. गोष्ट तिथेच संपली असती. पण नवऱ्याची जीभ तोंडात राहील तर ना! सोसायटीच्या सभेत छाती काढून तो म्हणाला, "आम्ही एक सिस्टीम बसवलीय."

आम्ही! चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं तेव्हा हे 'आम्ही' सोफ्यावर घोरत होते.

झालं, जो तो शहाणा झाला. कुणाला घंटी वाजायला हवी होती, कुणाला आत कपडे कुणाचे ते कळायला हवं होतं. अध्यक्षांची तर तऱ्हाच निराळी. निवृत्त झाल्यापासून हाताखाली माणसं नाहीत, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

"सिस्टर, कोण किती धुतं हे कळलं पाहिजे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कळायला!"

आणि घरचं झालं थोडं, तर त्यात दीर येऊन टपकला. हा मोठ्या कंपनीत होता. तिथे त्याचं काम, सिस्टरला समजलं होतं त्याप्रमाणे, इतरांना त्यांचं काम समजावून सांगण्याचं होतं. अध्यक्षांसोबत तळघरात उतरून त्याने मशीनला चिकटलेला तो फोन मेलेल्या पालीकडे बघावं तसा पाहिला.

"वहिनी, कल्पना बरी आहे. पण हे खेळणं झालं. याला प्रॉडक्ट नाही म्हणत."

"मी कुठे म्हणतेय? मला कपडे धुवायचेत."

"तुमचा विचारच छोटा आहे," दीर हसून म्हणाला, आणि अध्यक्षांनी मान डोलावली.

मग आलं दिराचं मोठ्या विचाराचं ॲप. आधी नाव नोंदवा, पासवर्ड ठरवा, वेळ राखून ठेवा. पडद्यावर एक हसरं वॉशिंग मशीन डोळा मारायचं. भिंतीतल्या सॉकेटला एक पांढरी डबी बसली. ज्याची वेळ, त्यालाच ती वीज देणार. अध्यक्षांनी भाषण ठोकलं. सिस्टरचा फोन खरवडून काढला गेला आणि पाकिटात घालून तिच्या हाती आला, वर 'जुना भाग' असं लिहून.

थोड्याच दिवसांनी तिचे ड्युटीचे सगळे कपडे मशीनमध्ये असताना तिची वेळ संपली आणि डबीने वीज तोडली. आत पाणी भरलेलं, दार कुलूपबंद. पुढची वेळ अध्यक्षांची, आणि ती आपण घेतलीय हे ते साफ विसरले होते. ड्युटी तर तोंडावर आलेली.

नशिबाने दीर तळघरातच होता. शेजारच्या इमारतीतल्या दोन गृहस्थांना तो ॲप दाखवत होता, आणि अध्यक्ष मागे हात बांधून उभे होते.

"वहिनी, स्लॉट संपला तुमचा," तो पाहुण्यांकडे बघत गोड आवाजात म्हणाला. "पुढच्या वेळी जरा जास्तीचा घ्या."

"आणि आज वॉर्डात काय नेसून जाऊ? तुझं ॲप?"

पाहुण्यांपैकी एक जण फिसकन हसला. दीर लाल झाला. सिस्टर वाकली, गुडघा कळवळला तरी वाकली, डबी उपसून अध्यक्षांच्या हातावर ठेवली आणि मशीनचा प्लग सरळ भिंतीत खुपसला. मशीन गुरगुरलं आणि फिरू लागलं.

"तुम्ही सिस्टीम तोडलीत!" अध्यक्ष ओरडले.

"प्लग लावला. तुम्हालाही जमेल, शिकवते."

दुसऱ्या गृहस्थांनी भाबडेपणाने विचारलं, "हे सगळं व्हायच्या आधी इथे काय होतं?"

जिन्याशी टोपली घेऊन उभी असलेली जुळ्यांची आई म्हणाली, "आधी कपडे धुऊन व्हायचे."

पाहुणे गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. दिराने वहिनीशी बोलणं टाकलं, ते तिने आपल्या फायद्यात धरलं. कपडे ओलसरच अंगावर चढवून ती ड्युटीला गेली, मेट्रनची बोलणीही खाल्ली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मी तर आधीच म्हणत होतो." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेलं वाक्य त्याने गिळलं.

फोन पुन्हा मशीनच्या पाठीवर गेला. अध्यक्षांनी निरोप पाठवला की आता तेच सर्वांना द्यावं, समिती सहकार्य करील. तिने नाही म्हणून कळवलं. आपण जरा कोतेपणा करतोय, असं क्षणभर तिला वाटलंही. मग समितीचं सहकार्य कसं असतं ते आठवलं, आणि वाटणं गेलं.

पुढे जुळ्यांच्या आईने एकदा जिन्यात थांबवलं. "दोन्ही काखांत पोरं असतात हो. फोन टेबलावर ठेवून लांबून बघते, अक्षर काही दिसत नाही."

सिस्टरने तिथेच पायरीवर बसकण मारली, फोन काढला आणि अक्षर पडदाभर मोठं केलं.

"आता?"

जुळ्यांची आई चार पायऱ्या वर जाऊन वळली. "दिसतंय," ती म्हणाली. "रिकामं आहे. तुम्ही जाताय, की मी जाऊ?"