विषादासाठी बसलेली बाई

सरांनी मावशीची हनुवटी दोन बोटांनी उचलली, खिडकीकडे वळवली आणि फुलदाणी ठेवावी तशी अलगद तिच्या तळव्यावर परत ठेवली. चार पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून पाहिलं आणि ते नाराज झाले.

"मावशी, आज चेहऱ्यावर काहीच नाहीये."

"बसले तर आहे, सर."

"बसलात हो. बसण्यात तुमचा हात कोण धरणार! पण चेहरा कोरा आहे. पुसलेल्या पाटीसारखा."

ते खरंच होतं. अकरा वर्षं मावशी या कलाशाळेत मॉडेल म्हणून बसत आली होती. जमिनीवरच्या खडूच्या खुणांवर खुर्चीचे पाय जुळवायचे, गुडघ्यावर कोपर, तळव्यावर गाल, आणि मग वीस-वीस मिनिटं पापणीसुद्धा जपून हलवायची. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तिला काढून काढून हात बसवून गेल्या. आता सर निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं चित्र तिच्यावरून करत होते. नाव आधीच ठरलेलं, 'विषाद'. प्रदर्शन बारा दिवसांवर आलेलं. हात झाले होते, शाल झाली होती, चेहरा मात्र तीन महिने रंगवून आणि खरवडून असा झाला होता की कॅनव्हासचे धागे दिसू लागले होते.

विषाद हा सरांचा हातखंडा विषय. जुने ग्रीक वैद्य त्याला काळ्या पित्ताचा विकार म्हणत, तत्त्वज्ञांनी त्याला शहाणपणाची किंमत ठरवलं आणि चित्रकारांनी त्याच्या गालाखाली हात दिला, हे ते दरवर्षी दीड तास रंगवून सांगत. "तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याला तो आपोआप येतो," असं त्यांची बायको म्हणे. स्वतः सरांना तो कधी शिवला नव्हता. झोप गाढ, पचन उत्तम. ही उणीव त्यांना मनातून खात असे.

"असं करू," ते म्हणाले. "समजा, तुमचं अगदी जवळचं कोणीतरी गेलंय."



"तेव्हा माणूस दिसतं कसं, सर?"

सर खूश झाले. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"भुवया आतल्या बाजूनं वर जातात. खालचा ओठ सैल पडतो. आणि नजर समोर असली तरी बघत असते ती तिथं नसलेल्याकडे."

"बरं," मावशी म्हणाली. चेहरा होता तसाच राहिला.

वीस मिनिटांचा गजर वाजला. मधल्या पाच मिनिटांत मावशी एरवी मुलीला फोन लावी. 'जेवलीस का? गॅस बंद केलास का?' ही चौकशी अख्ख्या वर्गाला पाठ होती आणि तिच्यापायी पाचाची दहा मिनिटं होत. आज तिनं फोन काढला, नुसता पाहिला आणि पिशवीत परत ठेवला. चला, आज तरी वेळेवर सुरू करता येईल, असं सरांच्या मनात आलं.

ते हात धुवायला बाहेरच्या नळावर गेले. तिथं शिपाई बादली भरत होता.

"मावशी आल्यात होय?" तो म्हणाला. "कमाल आहे बाईची. मुलगी गेली ना, सर, त्यांची. गुरुवारी. तापाचं निमित्त झालं, तिसऱ्या दिवशी खलास. मायलेकीच तर होत्या घरात."

आज मंगळवार होता. सरांनी हात पुन्हा धुतले.

"मला कोणी बोललं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला दिसलंच असेल," शिपाई म्हणाला आणि बादली घेऊन गेला.

सर आत आले तेव्हा मावशी आधीच खुर्चीवर जाऊन बसली होती.

"मावशी, आज राहू दे. तुम्ही घरी जा."

"का? जमत नाही म्हणून?"

"तसं नाही हो. मला आत्ता कळलं. मला खरंच माहीत नव्हतं."

"मग तर नका पाठवू, सर," मावशी म्हणाली. "दारातच तिची चप्पल आहे. उचलवत नाही आणि ओलांडवतही नाही. इथं बरं आहे. नुसतं हललं नाही की भागतं."

 सरांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती. ते ब्रश न उचलता चित्रासमोर उभे राहिले. मावशीला वाटलं, सर अजून चेहऱ्यावरच अडलेत.

"थांबा, आता नीट करते," ती म्हणाली.

तिनं भुवया आतून वर उचलल्या. ओठ सैल सोडला. नजर खिडकीच्या थोडी अलीकडे नेऊन ठेवली.

"असं ना, सर?"

तीन महिने सर ज्याच्या मागे लागले होते, तो हाच चेहरा. तो खोटा होता. खरा मघाशी समोर होता, आणि त्याला त्यांनी पाटी म्हटलं होतं.

"असंच," ते म्हणाले. त्यांनी ब्रश उचलला, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

पुढचा गजर वाजेपर्यंत चेहरा झाला. मावशी उठली, पाय झटकले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा वळसा घालून चित्रासमोर आली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"हिचं रडून झालेलं दिसतंय," ती म्हणाली. "सुटली बाई."



"मला तर रडू येतच नाहीये अजून," मावशी म्हणाली आणि तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "उद्या दहालाच ना?"

सरांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांनी रंग खरवडायची सुरी घेतली आणि ओल्या चेहऱ्यापाशी नेली. चित्र फार सुंदर झालं होतं. त्यांनी सुरी जागच्या जागी ठेवून दिली.