डोळे मिटून चढवलेलं छप्पर

"काका, ह्ये छप्पर हाय का व्हडी?" युलालीबाईंनी विचारलं आणि शनिवारी सकाळी आमच्या किनाऱ्यावर भांडणाला तोंड फुटलं.

मोठ्या वादळानं आमच्या कॅरिआकू बेटावर फार थोडी छपरं जागेवर ठेवली होती. आमच्या शाळेचे पत्रे तर थेट समुद्रात गेले. नवे कधी येतील ते कोणी सांगेना. वर सरकारी कागद आला की दोन महिन्यांत, म्हणजे या सोमवारपर्यंत, छप्पर झालं नाही तर शाळा बंद, पोरं डोंगरापलीकडच्या शाळेत. एकदा गेलेली शाळा परत येत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. हेडबाई युलाली रडकुंडीला आल्या आणि त्यांनी सेप्टिमस काकांना गळ घातली. काकांनी जन्मभर होड्याच बांधलेल्या. ते म्हणाले, होडी उलटी केली की झालं छप्पर, त्यात काय एवढं.

सहा आठवडे खपले बिचारे. फटीत कापूस ठासला, वरून डांबर फासलं. पण हात पडले सवयीचे. कणा खाली आणि तोंड आभाळाकडे, अशी बांधून मोकळे झाले. आम्हीही रोज तिथून जात होतो, शाबासकी देत होतो. होडी अशीच बसते म्हटल्यावर कोणाला काय खटकणार? मी तर तिच्यात बसून पाटीभर तुरी सोलल्या.

"मग आता उलटी करा की," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे शिडाची होडी कणा वर करून एकदाच दिसते, माणसं घरी येत नाहीत त्या दिवशी. आपल्या हातानं ती कोणी पालथी करत नाही. काकांनी आपल्या थोरल्या भावाची तशी पाहिली होती. बांधायला घेताना म्हणाले ते सोपं होतं, आता ती समोर उभी होती.

"माज्यानं न्हाई बघवायचं, बाय," काका म्हणाले आणि रंधा खाली ठेवून वाळूत बसले.

मी पहाटेपासून अख्ख्या गावासाठी बोकड शिजवत होते, मक्याचा घाटा ढवळून माझे दंड भरून आले होते. होडीची दोरी ओढायला गाव जमतं तेव्हा जेवण घालायचं ही आमची रीत, आणि इथं दोरीला हात लागायच्या आधीच रस्सा गार व्हायला लागला होता. माझं डोकं फिरलं.

"बघवत न्हाई तर बघू नगा," मी म्हटलं. "डोळं मिटून वढा."

मी आपली रागानं बोलले. पण गावानं ते उचलूनच धरलं. अडचण एकच होती, कोणीतरी डोळे उघडे ठेवून दिशा सांगायला हवी होती. नेमके त्याच वेळी सोमवारी शाळा तपासायला येणारे लेंडोर साहेब बसमधून उतरले, पॉलिश केलेले बूट, काखेत फाईल, दोन दिवस आधीच. साहेब मोठ्या बेटावरचे, होडीत बसले की ओकणारे. पालथ्या होडीचं त्यांना काय सुतक? युलालीबाईंनी त्यांची फाईल काढून माझ्या हातात दिली.

"सायेब, तुमी हितं हुबं ऱ्हावा आणि सांगा."

आमची शाळा उताराला टेकून आहे. मागच्या भिंतीचा माथा आणि वरची जमीन एका पातळीत. तिथवर होडी ओंडक्यांवरून हसतखेळत गेली. मग शंख फुंकला आणि सगळ्या गावानं डोळे मिटले.

असा गोंधळ मी जन्मात अनुभवला नाही. साहेब ओरडले डावीकडे, की निम्मे लोक उजवीकडे. त्यांची डावी की आमची, यावरून डोळे मिटूनच वाद. पोस्टमास्तर निवडुंगाला मिठी मारून बसले आणि तरीही ओढतोच आहे असं सांगत राहिले. मी रश्श्याचा डाव हातात घेऊन, डोळे मिटून, पोट धरून हसत होते. साहेबांचा आवाज आधी फाटला, मग बसला. तेवढ्यात धाडदिशी काहीतरी पालथं झालं, जमीन हादरली. पुन्हा ओढाओढ, भिंतींवर घातलेल्या वाशांवरून सरकण्याचा आवाज, आणि मग सगळं शांत.

डोळे उघडले. छप्पर भिंतींवर होतं. जरा तिरकं, पण होतं. लोक नाचायलाच लागले.

काका मात्र शाळेत शिरले. मी मागोमाग गेले. ते मान वर करून होडीच्या लाकडी फासळ्यांकडे बघत राहिले, कितीतरी वेळ. मला भीतीच वाटली.

"बुडाल्यावानी वाटत न्हाई गं," शेवटी म्हणाले. "पोरांवर वाकून बसल्यावानी वाटतीया." त्यांनी डोळे पुसले आणि मला जेवायला वाढ म्हणाले.

साहेबांनी खुणेनं फाईल मागितली. ती मी रश्श्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली होती. त्यांनी वास घेतला, पण ओरडायला घसाच उरला नव्हता. लोकांमागं धावताना बूट चिखलात रुतून राहिलेले; अनवाणी, चिखलानं माखलेले, तसेच ते बाकावर बसले. कागदावर प्रश्न होता, शाळेला छप्पर आहे काय. युलालीबाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

साहेबांनी लिहिलं, "आहे. चढताना मी स्वतः पाहिले."

आमच्या गावात असं लिहून देऊ शकणारा तेवढा एकच माणूस होता.