न धुतलेले कुंचले

मेक्सिको शहरात वसंत उतरला होता तो जांभळा होऊन. नीलमोहराच्या पर्णहीन फांद्यांवर फुलांचे मेघ, फुटपाथवर फुलांचा खच, मोटारींच्या टपांवर फुलं, रहदारीच्या पोलिसाच्या टोपीवरही फुलं. जांभळं ऊन, जांभळी सावली, जांभळी हवा. असा रंग पाहून दगडालाही पाझर फुटावा. पण चाकांच्या खुर्चीतले जयसिंगराव मान खाली घालून स्वतःच्या मोज्यांकडे बघत होते.

"बघा की हो जरा वर. कसला रंग आहे!"

कुमुदिनीबाई हे वाक्य दोन दिवसांत किती वेळा बोलल्या असतील, देव जाणे. रंगांचं ज्याला वेड, रंगांवर ज्याचा जीव, चाळीस वर्षं ज्याच्या बोटांतून कोल्हापूरची सोनसळी सकाळ आणि गुळाच्या वाफेतली तांबूस संध्याकाळ कॅनव्हासवर उतरली, त्या माणसाचा उजवा हात अकरा महिन्यांपूर्वी, चित्र काढता काढताच, पक्षाघाताने लुळा पडला. जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, डावा हात शिकेल, मनाने घेतलं तर शिकेल. मनाने घेतलं नाही. कागद पुढे केला की ते मान फिरवत, खडू हातात दिला की तो गळून पडे.

मग बाईंनी हट्टच धरला. लेक ऋजुता इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर होती, आणि तिच्या या शहरात जुन्या चित्रकार-मूर्तिकारांची घरं जशीच्या तशी राखून ठेवलेली होती. तिकीट काढायचं आणि त्यांच्या स्वयंपाकघरापासून चित्रशाळेपर्यंत हिंडायचं. रंगाचा वास एकदा नाकात गेला की हा माणूस पुन्हा कुंचला धरेल, एवढ्या एका आशेवर बाईंनी त्यांना सात समुद्र ओलांडून आणलं होतं. आशा वेडी होती, पण त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

पहिलं घर मूर्तिकाराचं. ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाच्या भिंती, निवडुंगाचं काटेरी कुंपण, आणि अंगणात अर्धी घडलेली, अर्धी दगडातच निजलेली एक स्त्री. दुसरं घर भिंतीच भिंती रंगवणाऱ्याचं. उंच, उत्तराभिमुख काचा, छतापर्यंत पोचलेल्या शिड्या, कोपऱ्याकोपऱ्यांतून हसणारे कागदी लगद्याचे सांगाडे. बाईंनी सगळं डोळे भरून पाहिलं, स्वतःच्या वाटचं पाहिलं, नवऱ्याच्या वाटचंही पाहिलं. जयसिंगरावांना तर दुसऱ्या घरात चक्क डुलकी लागली.

तिसरं घर हा बाईंचा हुकमाचा एक्का होता, म्हणून त्यांनी ते शेवटी ठेवलं होतं. सोलेदाद इबार्रा नावाच्या चित्रकर्तीचं घर. तरुणपणीच कसल्याशा तापात तिचा उजवा हात गेला, आणि पुढची तीस वर्षं ती डाव्या हाताने रंगवत राहिली. डाळिंबी भिंतींचं, निळ्या चौकटींचं, बोगनवेलीच्या भाराने झुकलेलं घर. उंबऱ्याशी बाईंनी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले.

चित्रशाळेत शांत, श्वेत, स्थिर प्रकाश होता. मधोमध चित्राची लाकडी घोडी, घोडीवर कणसं विकणाऱ्या बाईचं अपुरं चित्र. गाल आहेत, ओठ आहेत, डोळे अजून यायचे आहेत. शेजारच्या मेजावर रंगांची पाटी, तिच्यावर सुकून टणक झालेले रंगांचे डोंगर, आणि डोंगरांच्या पायथ्याशी आडवे पडलेले तीन कुंचले. कुणी पुढे जाऊ नये म्हणून समोर आडवा सुती दोर. ऋजुताने भिंतीवरचा फलक वाचून मराठीत सांगितला.

"आई, शेवटच्या दिवशी ती जशी उठून गेली ना, तसंच ठेवलंय सगळं. साठ वर्षांत एका वस्तूलाही कुणी हात लावलेला नाही."

बाईंना भरून आलं. त्यांनीही हेच केलं होतं की! नवऱ्याला दवाखान्यात हलवलं त्या दिवसापासून घरातली रंगांची खोली कुलूपबंद होती. पाटी तशीच, खुर्ची तशीच तिरकी, कुंचले जिथे पडले तिथेच. केर काढायलाही त्यांनी कुणाला आत सोडलं नव्हतं. आपल्या हातून काहीतरी पवित्र घडलं आहे, असंच त्यांना इतके दिवस वाटत आलं होतं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. जयसिंगरावांनी मान वर केली होती. अकरा महिने विझलेले डोळे मेजावर खिळले होते, आणि डावा हात अडखळत वर वर येत होता.

"ऋजू, बघ! बघ गं!"

हात दोर ओलांडून गेला. हाताने कुंचला उचलला. त्या एका क्षणात कुमुदिनीबाईंचे सगळे नवस फळाला आले, सगळी मध्यरात्रीची रडणी फिटली, सगळं आभाळ ठेंगणं झालं. पण हात चित्राकडे गेला नाही. तो मांडीवर परत आला. लुळ्या उजव्या तळव्यावर कुंचल्याचं टोक टेकवून जयसिंगराव ते गोल गोल फिरवू लागले.

"धु…" ते म्हणाले. "धु… धुवा."

कुंचल्याचे केस कसले, लाकूड झालं होतं त्यांचं. सुकल्या रंगाचे कपचे पांढऱ्या विजारीवर गळू लागले, तरी हात थांबेना.

"नो तोकार, सेन्योर! नो, नो!" हात लावू नका म्हणत पहारेकरीण धावत आली. वयस्कर बाई होती, रागावली नाही. एकेक बोट हळुवार उलगडून तिने कुंचला काढून घेतला. ऋजुता स्पॅनिशमध्ये माफीवर माफी मागत राहिली. आजूबाजूच्यांना दिसला तो एक बिचारा भ्रमिष्ट म्हातारा. तो म्हातारा संतापलेला आहे, हे फक्त त्याच्या बायकोला कळलं.

कारण चाळीस वर्षं तिने ते ऐकलं होतं. "ब्रश जिवंत असतो रे," शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला ते बजावत. "रंगात बुडवून घरी गेलास, तर सकाळी मेलेला सापडेल." कुंचले न धुता गेलेल्याला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवत. आधी टर्पेंटाइन, मग साबण, मग तळव्यावर फेर, फेस पांढरा येईपर्यंत फेर. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही ते कुंचले धुऊनच बोहल्यावर चढले होते.

तिघं अंगणात आली. बोगनवेलीखाली खुर्ची थांबली. ऋजुता पाणी आणायला गेली, आणि जयसिंगरावांनी बायकोकडे पाहिलं.

"मा… माझे?"

खोटं बोलता आलं असतं. धुतले हो, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या नजरेपुढे बाईंना कधीच खोटं बोलता आलेलं नव्हतं.

"तसेच आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाला हात लावू दिला नाही मी. तुमचं सगळं जसंच्या तसं…"

बोलता बोलता त्यांनाच आपलं बोलणं ऐकू आलं. तो आतला फलक होता. जी उठून गेली आणि परत आली नाही, तिच्या खोलीचा फलक होता. अकरा महिने एका जित्याजागत्या माणसाला आपण दोरापलीकडे ठेवलं. आणि वर रोज त्याला विचारलं, की बाबा, तू चित्र का काढत नाहीस?

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. तिकिटं हातात घेऊन आत शिरणाऱ्या माणसांकडे बघत, एकेक शब्द ओझ्यासारखा उचलत ते म्हणाले, "मी… अजून… आहे, कुमुद."

अकरा महिन्यांनी आलेलं ते नाव.

"आहात हो, आहात ना! माझंच चुकलं." बाईंनी त्यांचा लुळा हात घट्ट धरला. "घरी गेलं की पहिल्यांदा तेच करते. गरम पाण्यात घालते, साबण लावते, रात्रभर भिजवते, निघेल सगळं…"

जयसिंगरावांनी हळूच मान हलवली. निघत नाही. अकरा महिन्यांचा तैलरंग कशानेही निघत नाही, हे चित्रकाराच्या बायकोला ठाऊक नव्हतं थोडंच! ठाऊक होतं, आणि तरी त्या बोलतच राहिल्या, कारण गप्प बसणं त्याहून कठीण होतं.

तेव्हा जयसिंगरावांनी तिची मूठ उलगडली. तळवा सरळ करून उन्हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डाव्या हाताची तर्जनी टेकवली. एक फेर. दुसरा फेर. सावकाश, न चिडता, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला दाखवावं तसं. फेस येत नव्हता, रंग सुटत नव्हता, काहीच निघत नव्हतं. बोट फिरत होतं, फिरत होतं, फिरत होतं, आणि तिने तळवा मिटला नाही.