कथलाचे सांधे

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कॉर्नवॉलच्या कड्यावर चला. तीनशे वर्षांपूर्वीचा थंड, वाऱ्याचा दिवस. कथलाच्या खाणीच्या तोंडाशी एम्ब्लिन नावाची मुलगी उभी आहे. हातात मांसाचं सारण भरलेली मोठी करंजी. तिचे बाबा, पास्को, तांब्याच्या हंड्याखाली कोळसा सारताहेत.

खाणीत पाणी चढत होतं. उपसणारे घोडे थकले होते. कॅप्टन, म्हणजे खाणीचे मुख्य, सकाळीच म्हणाले होते, "पास्को, आज तुझ्या यंत्रानं पाणी काढलं तर ठीक. नाहीतर घोडे सोडतो, आणि खाणही."

यंत्र असं होतं: बंद हंड्यातून शेजारच्या पिंपात वाफ सोडायची आणि पिंपावर गार पाणी ओतायचं. आतली वाफ आक्रसली की पोकळी व्हायची, ती खालचं पाणी नळीतून ओढून घ्यायची. मग ताजी वाफ ते पाणी वर ढकलायची.

सांधे मात्र कथलाच्या डाकाने, म्हणजे वितळवून ओतलेल्या कथलाने, जोडले होते. परगावच्या एका कासाराने जास्त ताप सोसणारा पितळी डाक सुचवला, तेव्हा सगळी खाण हसली होती. घरचं कथील असताना पितळ कशाला? पास्कोही हसला होता.

पिंप भरलं. जेन्किन या खाणकामगाराने नळीला कान लावला. "चढतंय रे. घोड्यांपेक्षा बरं, लीद तरी टाकत नाही."

"निम्म्यावर अडलंय," कॅप्टन म्हणाले. "विस्तव वाढव."

पास्कोने वाढवला. एम्ब्लिनला सांध्यावर चकाकता थेंब दिसला.

"बाबा, हंडा रडतोय."

"घाम असेल गं. मागे हो."

तो घाम नव्हता. कथील वितळत होतं. फुस्सकन सांधा उकलला, वाफ निघून गेली आणि नळीतलं पाणी गडगडत खाली गेलं.

कॅप्टननी टोपी घातली आणि ते घोडे सोडायला गेले. पास्को खाली बसला, गार होणाऱ्या हंड्याकडे बघत.

खाणीतली माणसं जेवताना करंजीची मुरड खाली राहतात असं मानलेल्या छोट्या अदृश्य लोकांसाठी ठेवत.

"बाबा, आता त्यांना कोण देणार?"

पास्कोने विस्तवावर राख ओढली.

एम्ब्लिनने अख्खी करंजी खाणीत टाकली आणि कान देऊन उभी राहिली. पाण्याचा आवाज लगेच आला; पाणी तेवढं वर आलं होतं.