निघते म्हटल्यावर

मावशीची अट एकच होती. काम झालं की निघायचं.

मावशी म्हणजे सख्खी नव्हे. परदेशात वर्षभर शिकायला आले तेव्हा शाळेने मला जिच्या घरी ठेवलं, ती. पहिल्याच दिवशी मी तिला मावशी म्हटलं. तिने अर्थ विचारला. आईची बहीण, असं सांगितल्यावर जरा विचार करून म्हणाली, "चालेल. मला बहीण नव्हतीच."

मावशी पियानो जुळवते. उतरलेले सूर जागेवर आणायचे, हा तिचा धंदा. सुट्टी लागली की खडखडणारी व्हॅन घेऊन ती आठवडाभर गावोगावी फिरते. अनोळखी घरं, अनोळखी माणसं! मला त्या फेरीवर जायचं होतं म्हणजे जायचंच होतं. नाहीतर तिच्या घराला कुलूप, आणि मी सुट्टीभर शाळेच्या वसतिगृहात भिंतींशी गप्पा मारत.

"आज एक दिवस बरोबर चल," मावशी म्हणाली. "जमलं तर फेरीला नेईन. पण ती जीभ आवर."

"जीभ माझं ऐकत नाही गं."

"तेच म्हणतेय मी."

पहिलं गिऱ्हाईक दरवर्षीचं, दाताचे डॉक्टर. पेशंट बसतात त्याच खोलीत खिडकीखाली काळा पियानो. कोपऱ्यात गाल सुजलेले एक काका. आम्हीही काहीतरी उपटायलाच आलोय अशा नजरेने त्यांनी आमच्या हत्यारांकडे पाहिलं. मावशी एकेक खुंटी किंचित पिळायची, पट्टी दाबायची, कान द्यायची. मी पाने-पकडी हातात देत होते. तोंड बंद. शप्पथ!

"झालं," मावशी म्हणाली आणि जिना उतरायलासुद्धा लागली.

इथेच घोळ झाला. आमच्या घरी "निघते हं" म्हटलं की निघायला नुसती सुरुवात होते. मग उठायचं, दारात थांबायचं, चपला घालता घालता खरा विषय काढायचा. आई तर रिक्षात बसल्यावरही डोकं बाहेर काढून बोलत असते. "झालं" म्हणून पाठ फिरवली की मला भांडण झाल्यासारखंच वाटतं. त्यामुळे डॉक्टर दारापर्यंत आले तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला बसले, आणि माझ्या मोडक्यातोडक्या परभाषेत तोंडातून निघून गेलं, "बाकी काय म्हणता, डॉक्टर? काय वाजवता तुम्ही?"

"मी? मी नाही वाजवत."

"मग कोण वाजवतं?"

"कुणीच नाही."

"अहो, मग दरवर्षी जुळवून काय घेता? मुरत ठेवलाय का?"

खालून हाक आली. "चल! बालवाडीत वेळ दिलीय!"

"आले, आले!" म्हणत मी बांधलेली नाडी सोडून परत बांधायला घेतली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "एक गाणं येतं. लहानपणी ताईबरोबर वाजवायचो. उजवीकडे ती, डावीकडे मी. ताई आता लांब राहते. एकट्याने अर्धंच वाजतं. तुझ्या मावशीला विचारणार होतो, बरोबर वाजवाल का, पण... भीती वाटते. कान फार तिखट आहे त्यांचा."

"मावशी!" मी जिन्यात ओरडले. "डॉक्टर तुला घाबरतात!"

मावशी धाडधाड वर आली. "कोण घाबरतं?"

"मी," डॉक्टर म्हणाले. कान लालेलाल.

"मला? अहो, तुमच्या खुर्चीच्या धास्तीने मी कधीपासून एकाच बाजूने चावतेय!"

मग दोघं एका बाकावर बसले, ताईच्या जागी मावशी; गाणं तिच्या ओळखीचंच निघालं. डॉक्टरांचा हात पहिल्याच वळणावर अडखळला.

"चुकू द्या. थांबू नका," मावशी म्हणाली, आणि ते थांबले नाहीत. तिच्या बोटांमागून त्यांची बोटं धडपडत, धापा टाकत निघाली, आणि शेवटी दोघं एकदमच पोहोचले. डॉक्टर लहान मुलासारखे हसत होते. मावशीला असं वाजवताना मी कधी पाहिलंच नव्हतं!

सुजलेले काका म्हणाले, "आणखी एकदा होऊ दे. तेवढा वेळ माझा दात राहील."

बालवाडी अर्थातच हुकली. मुलं झोपली होती आणि बाई भडकल्या होत्या. मावशीने व्हॅन सुरू केली.

सिग्नलला तिने विचारलं, "दर घरी असंच होणार?"

नाही म्हटलं असतं तर काम झालं असतं. जिभेवर आलंही होतं. वसतिगृहाच्या त्या पिवळट भिंती डोळ्यांपुढे नाचत होत्या.

"होणार," मी म्हटलं. "प्रयत्न करीन गं, पण होणार. नुसती पाठ फिरवून मला नाही निघता येत."

मावशीने समोरच बघत उसासा टाकला. "म्हणजे फेरीत रोज लवकर निघावं लागेल. उठशील का?"

मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी घाबरून काच खाली केली. मग काय, सिग्नल सुटेपर्यंत त्यांना सगळी हकीकत सांगून टाकली.