रेघेतलं घर

गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा काकूंनी हातातलं फडकं खाली न ठेवताच डावीकडे हात केला.

"बायपास मागे राहिला. शाळेच्या कोपऱ्यावरून वळायला हवं होतं."

"म्हणजे हा हायवे नाही?"

"हायवेच आहे. पण आमच्या दारात संपतो."

आत खाटेवर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला, मिस्त्रींना, हे रुचलं नाही. "सध्या इथपर्यंत आलाय," त्यांनी आतून हाक मारून दुरुस्ती केली. "पुढे होणारे!"

रोज दोन-चार जण असे येऊन थडकत. राज्य महामार्ग जुन्या पुलावरून निघे, दवाखाना, काच कारखाना, गोदामं, शाळा असं अख्खं उपनगर ओलांडत रुबाबात येई आणि काकूंच्या भिंतीपुढे, लाल-पांढऱ्या कठड्याशी मुकाट उभा राही. शेजारी फलक होता: 'पुढील विस्तार प्रस्तावित'. तो विस्तार झाला असता तर काकूंच्या स्वयंपाकघरातून गेला असता. रस्त्याच्या रेघेत घर तेवढं एकच. मागे ओढा होता आणि ओढ्यापलीकडे माळ.

मिस्त्री गवंडी होते. उपनगरातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि स्वतःच्या घराला गिलावा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. फरशीचा विषय काढा, माळ्याचा काढा, उत्तर ठरलेलं: "रस्ता येणारे ना! कशाला पैसा मातीत घालायचा?" काकूंना फक्त एक खिडकी हवी होती, स्वयंपाकघराला, ओढ्याच्या अंगाला. पण तिची गत नकटीच्या लग्नासारखी झाली होती. भिंत फोडून खिडकी काढायच्या आदल्या आठवड्यात मिस्त्री परांचीवरून पडले. उजवा हात जुळला, पण त्यातली थरथर गेली नाही. ते अंथरुणात होते तेव्हाच बाहेर हा फलक लागला.

त्या दिवशी दुपारी महामार्ग खात्याची गाडी आली. एक तरुण इंजिनिअरबाई आणि दोन कामगार उतरले, पाना काढला आणि फलकाचे बोल्ट सोडवायला लागले. मिस्त्री पायात चपला न घालताच बाहेर धावले.

"आला का मुहूर्त? सुरू करताय?"

बाईंना प्रश्न कळला नाही. तोवर मिस्त्रींची गाडी सुटलीच होती. "या रस्त्याचा मी जन्मापासूनचा साक्षीदार आहे बरं का. आधी नुसती बैलगाडीची वाट. मग काच कारखाना आला, ट्रक रुतायला लागले, म्हणून खडी पडली. माझे वडील होते त्या खडीवर. रस्त्याखालच्या मोऱ्या मी बांधल्यात, गोदामापासून इथपर्यंतच्या."

"चांगल्या टिकल्यात," बाई हसल्या. "एकाही मोरीला आम्ही हात लावलेला नाही."

मिस्त्री फुशारले. "मग? आता पुढची कधी?"

"पुढे नाही, काका. बायपास झाला तेव्हाच विस्तार रद्द झाला. फलक तेवढा काढायचा राहून गेला."

"रद्द? अहो, आम्हाला कोणी कळवलं नाही."

"आमचे तेव्हाचे साहेब स्वतः येऊन गेले होते. सांगतात ना ते अजून, शेवटच्या घरातल्या काकूंनी चहा दिला आणि दोनदोनदा विचारलं, नक्की ना, म्हणून."

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. हातातला कप केव्हाच कोरडा झाला होता, तरी पुसत होत्या.

गाडी फलक घेऊन निघून गेली. मिस्त्री आत आले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. रागावले नव्हते ते. त्यांना लाज वाटत होती. 'रस्ता येणारे' म्हणून किती वर्षं ताठ मानेने जगलो, आणि ती मान कोणी सावरून धरली होती, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"बोलली का नाहीस?"

"काय घाई होती?" काकू म्हणाल्या. "मला चालत होतं."

मिस्त्री उठले आणि भांड्यांची मांडणी खांद्याने रेटून बाजूला केली. मागे भिंतीवर, त्यांनीच गेरूने ओढलेली खिडकीची चौकट होती. दरसाल काकू घराला चुना देत. तो त्या रेघेपर्यंत येऊन चारी बाजूंनी थांबलेला होता. आत उघडी वीट, जशीच्या तशी.

मिस्त्रींनी खाटेखालची अवजारांची पिशवी ओढली. हातोडा काकूंच्या हातात दिला आणि छिन्नी स्वतःच्या डाव्या मुठीत धरून चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवली. डावा हात पक्का होता.

"मी? मला कुठे येतं?"

"मला येतं ना. मी सांगतो. बेतानं मात्र, बोटं माझी आहेत."

"इतकी वर्षं मीच जपलीत ती, आज कशी मोडेन?"

पहिल्या घावाला नुसता चुना उडाला. दुसऱ्याला विटेचा टवका निघाला. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि काकू सवयीने दाराकडे वळल्या.

"तू थांब," मिस्त्री म्हणाले, आणि छिन्नी न हलवता दाराच्या दिशेने ओरडले, "मागे फिरा हो! रस्ता इथंच संपतो!"

मग काकूंकडे बघून म्हणाले, "हं, मार."