पाचव्या तुकड्यातले धवले

एंटरच्या बटणावर हळदीचा डाग होता – दसऱ्याला आईने, पुतळाबाईने, ट्रकच्या बॉनेटची पूजा करता करता कॉम्प्युटरलाही एक बोट ओढलं होतं – आणि दीपेशचं बोट त्या डागावर नुसतंच टेकून राहिलं होतं. शुक्रवार, नारपोलीतले कापडाचे लूम सुट्टीला बंद. खडखड थांबली की या गल्लीत माणसाला स्वतःचे विचार ऐकू येतात, ही एक गैरसोयच.

जुनी सिस्टिम व्हायरसने मेली होती. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तो लिनक्स टाकत होता, तेही काळ्या पडद्यावर एकेक कमांड हाताने टाइप करून. घर वडिलांचं, गोदाम वडिलांचं, बायकोसुद्धा वडिलांनीच पसंत केलेली... निदान हे तरी आपण उभं केलेलं असावं. शेत सपाट करून वडिलांनी गोदाम बांधलं तेव्हा तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता. जेवत मात्र होता.

"दुकानवाला पोरगा तासाभरात करून देतो," वडील, तुळशीराम, दारातून म्हणाले, "तू काय जमीन मोजतंस रं?"

मोजतच होता. डिस्कचे तुकडे, आणि त्यातल्या एकात आईचे धवले – लग्नाघरी ती गायची ती गाणी, त्याने माइक लावून रेकॉर्ड केलेली, कारण हल्ली हळदीला डीजे लागतो आणि धवलारणीला नुसती साडी मिळते. धवले डी ड्राइव्हमध्ये. सी गेलं तरी डी राहतं, हे भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल. पण इथे सी नव्हतं, डी नव्हतं, नुसते आकडे. एक म्हणजे सी, तर दोन म्हणजे डी, सरळ आहे. पाच म्हणजे आपण आत्ताच कापलेला, रिकामा... तोच पुसून त्यावर लिनक्स टाकायचं.

दाबलं. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलंही नाही.

मग त्याने दोन उघडायला घेतला. उघडेना. दोन हे नुसतं कुंपण होतं. कुंपणाच्या आतला डी पाचवा होता आणि रिकामा तुकडा सहावा. पुसले गेले होते ते धवले.

आई मागच्या पडवीत वाल सोलत होती.

"आये, ते धवले पुन्हा गाशील? नीट रेकॉर्ड करतो."

"पयले केलंस ते?"

"हायेत ना."

"आयकलंस?"

"आयकले."

"मंग सांग," ती साल बाजूला टाकत म्हणाली, "कंचा आवडला?"

त्याने आठवून पाहिलं. एक ओळ, एखादी चाल, काहीही... आठवत होती ती फाइलींची नावं, आणि त्या किती जागा खायच्या ते. रेकॉर्ड केल्यावर त्याने त्या एकदाही लावून ऐकल्या नव्हत्या. बोट दाबल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते होतही होतं. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी थंडपणे पसरत चाललं होतं, आणि ते आजचं नव्हतं.